मेकॅनिकलचा माणूस डिझाइनच्या मागे का लागला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. लग्नकार्यात भेटणारे जुने विद्यार्थी विचारतात, स्टाफरूममध्ये नवे सहकारी विचारतात: सर, तुमची पीएचडी फ्रॅक्चर मेकॅनिक्समधली, म्हणजे वस्तूंना तडे कसे जातात त्यावरची, पेपर छापून येत होते, ते सोडून पोरांकडून पुठ्ठ्याची मॉडेलं करून घेत का बसलात?

मी काहीही सोडलेलं नाही. आजही दोन दांडे पाचरीनं जोडणारा कॉटर जॉइंट शिकवतो, पीएसजीचं डेटा बुक, म्हणजे तक्त्या-सूत्रांचं पुस्तक, उघडायला लावतो. पण आमच्या ‘मशीन डिझाइन’मध्ये प्रश्न आयता येतो. भार दिलेला, वेग दिलेला, शाफ्टचा, म्हणजे फिरत्या दांड्याचा, व्यास काढा. तो भार आला कुठून, शाफ्ट मुळात हवाच का, हे विचारायला जागा नाही. अमेरिकेतल्या एमआयटीत वुडी फ्लॉवर्स यांनी १९७०च्या दशकात मुलांच्या हाती सुट्या सामानाची पेटी दिली आणि यंत्र त्यांनाच सुचू दिलं. तेही मेकॅनिकलचेच प्राध्यापक होते. पवईच्या आयआयटीत डिझाइन शिकवणारी आयडीसी १९६९ सालीच सुरू झाली, पण तिथं पोरगं जायचं ते इंजिनिअर झाल्यावर. मला ते आधी हवं होतं.

आता कोयत्याचं सांगतो, कारण खरं उत्तर तिथंच आहे.

शेवटच्या वर्षाच्या एका गटानं ऊसतोडीचा कोयता प्रकल्पाला घेतला. त्यातल्या एकाची आई दर हंगामाला बीडहून तोडीला जायची. बुडख्यात साखर जास्त, म्हणून ऊस जमिनीलगत तोडावा लागतो. म्हणजे दिवसभर कंबरेत वाकून मनगटावर घाव. मुलं फडात राहिली. बायकांच्या मुठीचा घेर मोजला, एनआयडी या डिझाइन संस्थेनं १९९७ साली छापलेल्या भारतीय शरीरमापांशी ताडून पाहिला, वेगवेगळ्या जाडीच्या लाकडी मुठी करून हातात दिल्या. बायकांनी वापरून त्यातली एक निवडली. इतकं नेटकं काम मी तोवर पाहिलं नव्हतं.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी अहवाल चाळून विचारलं, “स्ट्रेस ॲनालिसिस कुठंय?” म्हणजे कुठल्या भागावर किती ताण येतो त्याचं गणित. मुलगा आईच्या मनगटाबद्दल सांगू लागला. त्यांनी मध्येच थांबवलं. “हे सुतारकाम झालं. इंजिनिअरिंग दाखवा.” मी बोललो, बराच वेळ बोललो. गुण व्हायचे तेवढेच कमी झाले. बाहेर आल्यावर तो मुलगा म्हणाला, “सर, पुढच्या बॅचला असलं काही देऊ नका. ज्यांच्या घरी चालतं त्यांना परवडतं.”

पदोन्नतीच्या वेळी यूजीसीच्या २०१०च्या नियमांतले एपीआय गुण, म्हणजे प्राध्यापकाच्या शिकवण्याचे-संशोधनाचे गुण, मोजले गेले, त्यात माझे कमी भरले. तेही लागलं, लागलं नाही असं मी कुणाला सांगत नाही. पण त्या मुलाच्या वाक्याइतकं नाही. तेव्हाचा मी म्हणायचो, परीक्षक बदलतील, मुलांनी टिकून राहावं. आज त्या मला विचारावंसं वाटतं, टिकायची किंमत कोण मोजणार? तो उलट विचारतो, मग त्या बायकांची मनगटं कोणत्या पेपरात बसवणार होतास? दोघांपैकी कुणालाही मी अजून गप्प करू शकलेलो नाही.

यंदाही फडातले प्रकल्प दिलेत. स्ट्रेस ॲनालिसिसचं एक प्रकरण सक्तीचं केलंय. काही मुलांना ते वरून चिकटवलेलं वाटतं, आणि त्यांच्याशी माझा वाद चालू आहे.