मागे फिरवलेला मीटर

जुन्या गाड्यांच्या मूल्यांकनाचे काम मी करतो. एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षी तयार झालेल्या आणि रंगानेही सारख्या दोन गाड्या एकाच दिवशी समोर येणे तसे दुर्मीळच. त्या दिवशी मात्र तसे घडले. दोन्ही सात आसनी, परवडणाऱ्या श्रेणीतल्या कौटुंबिक एसयूव्ही होत्या, वय सहा वर्षे.

पहिलीचा मीटर १,१२,००० किलोमीटर दाखवत होता. “फार चालली आहे हो,” असे म्हणत मालकीणबाईंनी, जणू अपराध कबूल करावा तशी, बिलांची फाइल पुढे केली. तेल वेळच्या वेळी बदललेले होते. मागचा दरवाजा धडकून पुन्हा रंगवलेला होता, त्याचेही बिल होते. रंगाची जाडी मोजणारे यंत्र लावले, तेव्हा इतर पत्र्यावर १२० मायक्रॉनच्या आसपास आणि त्या दरवाजावर २८० भरली. फाइल सांगत होती तेच पत्राही सांगत होता.

दुसरीचा मीटर ४६,००० वर होता. मालकांनी ती दोन वर्षांपूर्वी जुनीच घेतली होती आणि कमी चाललेली म्हणून जास्त पैसेही मोजले होते. पण ब्रेकच्या पेडलचे रबर झिजून गुळगुळीत झाले होते. टायर कधी तयार झाला ते सांगणारे चार अंक त्याच्या कडेवर असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. त्यांवरून चारही टायर गाडीपेक्षा तीन वर्षांनी नवे निघाले आणि तेही झिजत आलेले. शेवटी गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक नोंदी वाचणारा स्कॅनर जोडला. मीटरवरचा आकडा बदलला, तरी काही गाड्यांत जुनी नोंद दुसऱ्या एखाद्या नियंत्रकात, म्हणजे गाडीचा एखादा भाग चालवणाऱ्या छोट्या संगणकात, शिल्लक राहते. इथे ती गिअरबॉक्सच्या नियंत्रकात सापडली: १,३८,०००.

या श्रेणीतल्या गाड्यांची किंमत टिकते हा समज बराचसा खरा आहे. सुटे भाग स्वस्त असतात, दुरुस्ती सहज होते आणि मोठ्या कुटुंबांची मागणी आटत नाही. परंतु नोंदींवरचा भरवसा उडाला की ग्राहक इंजिनापासून क्लचपर्यंत प्रत्येक भाग संपत आला आहे असे धरूनच भाव करतो, आणि त्यात त्याचे काही चुकते असे मला वाटत नाही.

फसवणूक आधीच्या विक्रेत्याने केली होती. समोर बसलेल्या गृहस्थांना ती माझ्या तोंडून कळावी, याचे मला फार वाईट वाटले. ते बराच वेळ स्कॅनरकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “अहवालात खरा आकडाच लिहा. पुढच्याला तरी कळू दे.”

मी १,३८,००० लिहिले आणि किंमत पहिल्या गाडीपेक्षा बरीच खाली ठेवली.