मोरचूद, चुना आणि रेडॉक्सची भानगड

रंग बदलला, फेस आला, भांडं तापलं की झालं रेडॉक्स (म्हणजे अणूंचे ऑक्सिडेशन नंबर बदलणारी अभिक्रिया), असं अकरावीच्या पोरांनी धरूनच ठेवलेलं असतं. म्हणून मी आता पुस्तकातल्या समीकरणापासून सुरुवातच करत नाही. आमच्या शहाद्याकडं पपई ढीगभर, त्यामुळे बोर्डो मिश्रण, म्हणजे फवारायचं बुरशीनाशक, बहुतेकांनी बघितलेलं असतं, १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद अन् १ किलो चुना, तिथूनच सुरू करतो.

कळीचा चुना पाण्यात टाकला की कसला खदखदतो, वाफा निघतात, हात लावायची सोय नाही. रेडॉक्स? नाही ना भो! ऑक्सिडेशन नंबर, म्हणजे अणूवर हिशोबानं धरलेला चार्ज, बघा: कॅल्शियम आधी +२, नंतरही +२, ऑक्सिजन -२, हायड्रोजन +१, कोणाचाच नंबर हलला नाही. मग मोरचूद घ्या, म्हणजे कॉपर सल्फेट. इथं गाडी अडते, कारण कॉपरचा नंबर माहीत नाही अन् सल्फरचा पण नाही. तर आधी सल्फेट बाजूला काढायचा, त्याच्यावर चार्ज -२, म्हणजे कॉपर +२ झाला, आणि चार ऑक्सिजनचे -८ धरून बेरीज -२ यायची तर सल्फर +६. (सल्फरचे सहा इलेक्ट्रॉन खरंच कुणी काढून नेलेले नसतात बरं का, हा नुसता हिशोबाचा आकडा.) चुन्यात मिसळल्यावरही कॉपर +२च राहतो. म्हणजे अख्खं बोर्डो तयार झालं अन् रेडॉक्सचा पत्ता नाही.

रेडॉक्स होतं ते विळ्यावर. मिश्रण जमलं का बघायला लोखंडी विळा बुडवतात, पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळं राहिलंय, अजून चुना घाला. तिथं कॉपर +२ वरून शून्यावर येतो, त्याचं क्षपण, आणि लोखंड शून्यावरून +२ वर जातं, त्याचं ऑक्सिडीकरण. म्हणूनच तर मोरचूद लोखंडी बादलीत कालवत नाहीत, बादली खराब होते ती होते, वरून तांबं तिलाच चिकटतं, मग फवारणार काय?

रंगाचं म्हणाल तर पिवळ्या क्रोमेटमध्ये ॲसिड टाकलं की नारिंगी डायक्रोमेट होतं, पण क्रोमियम दोन्हीकडे +६. उलट हायड्रोजन पेरॉक्साइडचं विघटन बघा, रंगबिंग काही नाही, तरी रेडॉक्स, कारण त्यातला ऑक्सिजन -१, तोच पाण्यात जाऊन -२ होतो आणि वायू होऊन शून्य. "ऑक्सिजन म्हणजे -२" एवढंच पाठ करणारे इथं हमखास आपटतात. ऑक्सिजन डायफ्लोराइडमध्ये तर तो चक्क +२ असतो, फ्लोरीन आपला -१ सोडतच नाही, काय करणार.