भिशीचा नंबर आणि वर्षाची ज्वारी

आमचं घर सोलापुरात. ह्यांना टॉवेलच्या कारखान्यात आठवड्याला पगार, त्यामुळे किराणाही आठवड्याचाच. पोरं लहान होती तोवर भागलं. मग दोघंही दहावी-अकरावीला आले, नणंदेचा मुलगा आयटीआयसाठी राहायला आला आणि पिठाचा डबा तळ दाखवायला लागला. किलोभर पिठाच्या दहा-बारा भाकऱ्या होतात. त्या तिघांनाच पुरेनात.

रेशनचा आधार आहे. प्राधान्य कार्डावर माणशी ५ किलो धान्य, जानेवारी २०२३ पासून फुकट. पण भाच्याचं नाव गावच्या कार्डावर आणि त्यात मिळतो गहू-तांदूळ. आमच्या घरात भाकरीशिवाय जेवण झाल्यासारखं वाटत नाही.

खरा तोटा सुटं घेण्यात होता. पोत्याचा भाव वेगळा, दोन किलोचा वेगळा. सगळ्यांना कळतं, पण एकरकमी पैसे आणायचे कुठून? गल्लीतल्या बायकांच्या भिशीत मी आधीपासून होतेच. मार्चचा नंबर मागून घेतला. रब्बीची नवी ज्वारी तेव्हा बाजारात असते. मंगळवेढ्याकडची मालदांडी घ्यायची ठरली आणि सासूबाई सोबत आल्या. आडत्याकडे प्रत्येक पोत्यातला दाणा दाताखाली धरून बघायच्या. “कट्‌ वाजला पायजे. मऊ लागला की घेऊ नगंस.” एक पोतं दिसायला पांढरंशुभ्र, तेच त्यांनी नाकारलं. शेवटी वर्षाची ज्वारी घेतली.

गच्चीवर ऊन दिलं, पण लगेच कोठीत भरू दिली नाही. दाणा गरम असताना भरला तर आत घाम धरतो, मग किडे. रात्रभर निवू दिली, सकाळी कडुनिंबाच्या वाळल्या पाल्याचे थर देत भरली.

ज्वारीचा आठवड्याचा खर्च थांबला तसं ताटात बाकीचं यायला लागलं. अंडी आता तीसच्या ट्रेनं आणते. तुरीच्या वरणात निम्मी मसूर घालते, कुणी ओळखत नाही (ह्यांनी ओळखलं, पण बोलले नाहीत). हुलग्याचे शेंगोळे केले की भाजी लागत नाही. तेलाची मात्र आठवड्याची बाटली वेगळी काढते. शेंगाचटणी घरात असली की पोरं वर कच्चं तेल ओतून घेतात, तिथं हात आखडलाच पाहिजे.

पुढच्या वेळी भिशीचा नंबर जानेवारीचा मागणार आहे. नवी तूर तेव्हाच येते, आणि घरच्या जात्यावर डाळ करून देईन असं सासूबाईंनी आत्ताच सांगून ठेवलंय.