मानपत्रात मावलं नाही ते

शनिवार, ११ ऑक्टोबर २०२५
लातूर

काल जागतिक मानसिक आरोग्य दिन होता. त्याचं निमित्त साधून आमच्या कॉलेजच्या समुपदेशक मॅडमचा सत्कार झाला. माजी विद्यार्थ्यांनी पुढाकार घेतला, प्राचार्यांनी सभागृह दिलं. फेटा, शाल, श्रीफळ, मानपत्र, सगळं रीतसर. मला मनापासून आनंद झाला. सप्टेंबरच्या शेवटच्या पावसाने मांजरा-तेरणेच्या काठची शेतं खरवडून नेली, काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात कुजलं. रोज कुणा ना कुणा मुलाच्या गावची बातमी ऐकून जीव नकोसा झाला होता. त्यात कालची संध्याकाळ बरी गेली.

मानपत्र मराठीच्या सरांनी लिहिलं होतं, आणि चांगलं लिहिलं होतं. पण एका पानात काय काय मावणार? ‘असंख्य विद्यार्थ्यांना आधार दिला’ असं एक वाक्य त्यात होतं. त्या वाक्याच्या पोटात काय काय आहे ते मला ठाऊक आहे, कारण मॅडमची खोली माझ्या ग्रंथालयाला लागून आहे. आज दुसरा शनिवार, सुट्टी. म्हणून बसून लिहून काढते.

त्या रुजू झाल्या तेव्हा त्यांच्या वाट्याला स्टेशनरी ठेवायची जुनी खोली आली. दार उघडायचं ते थेट पॅसेजमध्ये, आणि समोर ऑफिसची खिडकी. तिथे बोनाफाइडपासून स्कॉलरशिपपर्यंत कशा ना कशासाठी कायम रांग. त्या दारात उभं राहायचं म्हणजे आपलं काहीतरी बिघडलंय हे सगळ्या रांगेला सांगण्यासारखंच. पहिले कितीतरी दिवस तिकडे कुणी फिरकलं नाही. एका दुपारी त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, “मॅडम, तुमचा मासिकांचा स्टँड मला द्याल का? द्याल म्हणजे, नुसता सरकवायचाय.”

त्यांच्या खोलीला ग्रंथालयाच्या बाजूनेही एक दार होतं, वर्षानुवर्षं बंद. त्यांनी ते शिपायाकडून उघडून घेतलं, कडीला तेल घातलं आणि त्या दाराच्या अलीकडे माझा स्टँड लावला. पॅसेजच्या दाराला आतून कडी. आता तिथे उभं राहिलेलं पोरगं स्पर्धा परीक्षेचं मासिक चाळतंय असंच दिसतं. चाळत चाळत ते स्टँडच्या टोकाला जातं, इकडे तिकडे बघतं, आणि आत. काही जण पहिल्या दिवशी आत जातच नाहीत. तासभर तेच मासिक हातात धरून उभे राहतात. मॅडम त्यांना हाक मारत नाहीत. दार अर्धं उघडं ठेवतात आणि आपलं काम करत बसतात. बहुतेक पोरं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आत जातात. तो स्टँड मी कधी फार नीट लावत नाही. तिथे उभं राहायला काहीतरी निमित्त असू दे.

लातूरबाहेरच्या माणसाला या गावाचं हे अंग पटकन कळणार नाही. ‘लातूर पॅटर्न’ म्हणजे बोर्डाच्या आणि प्रवेश परीक्षांची इथली घोटून घेतलेली तयारी. त्या नावावर नांदेड, परभणी, बीड, धाराशिव, कुठून कुठून दहावी झालेली पोरं इथे येतात. पंधरा-सोळा वर्षांचं वय. एका खोलीत तिघं-चौघं, कॉट बेसिसवर. सकाळी कॉलेज, दुपारी क्लास, रात्री अभ्यासिका, रविवारी टेस्ट. घरी फोन केला की पहिला प्रश्न मार्कांचा. आई-बाप वाईट नसतात हो. एकरभर रान गहाण टाकून पोराला इथे ठेवलेलं असतं, त्यांनी दुसरं काय विचारायचं? पण पोराला ते एकर रोज डोळ्यांसमोर दिसत असतं. २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि त्यात सगळ्यात जास्त, १,७६४, आपल्या महाराष्ट्रातल्या होत्या. मॅडम हा आकडा पोरांपुढे कधीच काढत नाहीत. शिक्षकांच्या आणि पालकांच्या बैठकीत मात्र दर वेळी काढतात, आणि तो सांगताना त्यांचा आवाज बदलतो.

आता मेसबद्दल. काल सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या त्या यालाच.

कॉलेजच्या मागच्या गल्ल्यांत घरगुती मेस आहेत. बायका डबे करतात, पोरं खोलीवर मागवतात. मॅडमच्या लक्षात आलं की खोलीत कोंडून घेतलेल्या पोराची खबर वर्गशिक्षकाला सगळ्यात शेवटी लागते. आधी कळतं ते डबेवालीला, कारण डबा भरलेलाच परत येतो. म्हणून त्या स्वतः घरोघर गेल्या, एकेका मावशीच्या ओट्यावर बसल्या आणि एवढंच सांगितलं, की लागोपाठ दोन डबे न उघडता परत आले तर मला फोन करा. रात्री अकरा वाजले तरी करा. हीच गोष्ट त्यांनी रूमच्या मालकांना सांगितली, अभ्यासिकेच्या वॉचमनला सांगितली, क्लासच्या रस्त्यावरच्या झेरॉक्सवाल्याला सांगितली. त्यांना बसवून शिकवलं: पोराला एकटं सोडायचं नाही, ‘एवढ्या-तेवढ्यानं काय होतंय’ म्हणायचं नाही, ‘जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतंय का’ हे सरळ विचारायला भ्यायचं नाही. विचारल्याने त्याच्या डोक्यात ते शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून ते बोलतं.

कालच्या कार्यक्रमात शाल पाहुण्यांच्या हस्ते द्यायची ठरली होती. मॅडमनी आदल्या दिवशीच प्राचार्यांना विनंती करून ठेवली होती की ती मेसच्या मावशींच्या हातून मिळावी. मावशी स्टेजवर आल्या, पदर सावरला, माइक लांबच धरला आणि म्हणाल्या, “डबा माघारी आला की मला लई राग यायचा. अन्नाचा अपमान वाटायचा. मॅडम म्हणल्या, मावशी, रागावू नका, फोन करा. एका लेकराच्या टायमाला मी फोन केला. ते लेकरू आता पुण्याला हाय.” एवढंच बोलल्या. सभागृहात बसलेल्या बऱ्याच जणांनी डोळे पुसले, मीही.

बुधवारची गोष्ट लिहून ठेवायला हवी. अहमदपूरकडचे एक वडील आले, विजार गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली. बारावी सायन्सला असलेल्या मुलीची टीसी काढायला आले होते. “सोयाबीन गेलं, एक म्हैस गेली, आता शिकवायचं कशाच्या जिवावर?” क्लार्कने त्यांना मॅडमकडे पाठवलं. मुलगी दाराशी भिंतीला टेकून उभी. मॅडमनी आधी त्यांचं सगळं ऐकून घेतलं: किती एकर, कर्ज कुणाचं, पंचनामा झाला का. मग सांगितलं की सरकारने मंगळवारी पूरग्रस्तांसाठी जी मदत जाहीर केली त्यात परीक्षा शुल्काची माफी आहे. आणि ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीकृत प्रवेश प्रक्रियेतून, व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ असतं. मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून दिलं: उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर, डोमिसाइल, कुठला तहसीलमधून, कुठला सेतूमधून, कुठला आत्ताच काढायचा आणि कुठला पुढच्या वर्षी. त्यांनी कागदाची घडी करून टोपीत ठेवली आणि म्हणाले, “मग टीसी ऱ्हाऊ द्या सध्या.”

ती मुलगी झोप लागत नाही म्हणून आधीपासून मॅडमकडे येत होती. शिक्षण सुटणार या धास्तीने तिची झोप उडाली होती. श्वासाचे व्यायाम शिकवून मॅडमना थांबता आलं असतं. त्यांनी तेही शिकवले, आणि दाखल्यांची यादीही केली. माझ्या मते त्यांचं मोठेपण इथे आहे. पोराच्या मनात डोकावताना त्याच्या घराकडे, रानाकडे, बसच्या पासाकडे त्यांचं लक्ष असतं. आणि जिथे आपलं काम संपतं तिथे त्या थांबतात. सरकारी दवाखान्याच्या मनोविकार विभागात मुलाला न्यायची वेळ आली की स्वतः सोबत जातात, केसपेपर काढायच्या रांगेत उभ्या राहतात. ‘वेड्याच्या डॉक्टरकडे नेता व्हय?’ असं म्हणणाऱ्या आई-बापांना बाकावर बसवून शांतपणे समजावतात. रात्री-अपरात्री त्या नसल्या तरी मुलाला कुणीतरी भेटावं म्हणून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आम्ही दोघींनी मिळून ग्रंथालयाच्या पुस्तकांच्या तारीखपट्टीवर शिक्का करून उमटवला. फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. तो शिक्का बघून किती जणांनी फोन केला ते मला कळणार नाही, आणि कळायलाही नको.

त्यांच्यात हे कुठून आलं असेल, याचा मी विचार करते. त्या मूळच्या औसा तालुक्यातल्या. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा तिसरीत होत्या. आदल्या दिवशी गणपती बुडवून गाव दमून झोपलेलं. घरातलं कोण गेलं ते त्यांनी मला सांगितलंय, पण ते मी इथे लिहिणार नाही. एवढं लिहिते: पत्र्याच्या शेडमध्ये राहत असताना बाहेरगावची एक ताई रोज यायची, मुलांपुढे कागद-खडू ठेवायची आणि काही न विचारता शेजारी बसायची. त्या ताईचं नाव मॅडमना आज आठवत नाही.

सत्काराला उत्तर देताना त्या स्वतःबद्दल फार बोलल्या नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या २५ जुलैच्या निकालाबद्दल बोलल्या. विशाखापट्टणमला मेडिकलच्या ‘नीट’ परीक्षेची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचं प्रकरण होतं ते. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. मार्कांवरून पोरांच्या वेगळ्या तुकड्या पाडू नयेत. शिक्षक आणि शिक्षकेतर, सगळ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावं. “शिक्षकेतर” म्हणताना त्यांनी आमच्या शिपायांकडे आणि माझ्याकडे पाहिलं. मला बरं वाटलं, आणि जबाबदारीही वाटली.

एक गोष्ट काल स्टेजवरून कुणी बोललं नाही. मॅडम अजून कंत्राटी आहेत. दर वर्षी अकरा महिन्यांची ऑर्डर, मधे एक महिना खंड, आणि तो खंड येतो नेमका निकालाच्या दिवसांत, जेव्हा पोरांना त्यांची सगळ्यात जास्त गरज असते. त्या महिन्यात त्या बिनपगारी येऊन बसतात. शाल अंगावर घालणारे आपण सगळे हे जाणतो. त्यांचा खरा मान राखायचा तर ती जागा कायम झाली पाहिजे, आणि त्यांच्या जोडीला आणखी एक माणूस मिळालं पाहिजे. एवढ्या पोरांना एकटी बाई कशी पुरणार? तिलाही घर आहे, तिलाही रात्रीची झोप हवी.

तेव्हा सोमवारी प्राचार्यांना अर्ज द्यायचा. मसुदा आज रात्री करते; मराठीच्या सरांची सही घेते, शिपाईमामांचीही घेते, मावशींनी अंगठा दिला तरी चालेल. अर्जात त्या निकालाचा उल्लेख हवा आणि खंडाच्या महिन्याचाही.

दिवाळीचं वेगळंच आहे. पुराच्या गावची काही पोरं यंदा घरी जाणार नाहीत. घरात बसायला जागा नाही असं सांगतात. मॅडम सुट्टीत रोज दुपारी दोन तास खोली उघडी ठेवणार आहेत. मग ग्रंथालय बंद ठेवून कसं चालेल, स्टँडपाशी यायचं तर पोरांना आत शिरता आलं पाहिजे. लक्ष्मीपूजन आणि पाडवा सोडून ग्रंथालय चालू ठेवायची परवानगी त्याच अर्जाबरोबर मागते. मावशी म्हणाल्या, डबे बंद करणार नाही, फराळाचंही थोडं थोडं घालीन. चिवड्याचे पोहे मी आणून देते म्हटलं.