गोळ्या, ऑपरेशन आणि कागदपत्रं : माझा अनुभव

गेल्या काही काळात माझ्याशी बोलायला येणारी माणसं दोन प्रकारची असतात. एक, विशी-पंचविशीतल्या मुली, ज्यांना घरी अजून मुलगाच समजतात. दुसरे, अशा मुलींचे आईवडील. प्रश्न बहुतेक तेच असतात आणि सुरुवात नेहमी ऑपरेशनपासून होते. मी ट्रान्स स्त्री आहे, म्हणजे जन्माच्या वेळी मुलगा म्हणून नोंद झालेली बाई. कराड तालुक्यातल्या गावात वाढले, पुण्यात पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. माझं सांगणं एवढंच असतं, की आपण बाई आहोत हे ठरवायला कुणाची परवानगी लागत नाही, पण धड जगायला डॉक्टरांची देखरेख आणि हातात कागद हे दोन्ही लागतं. आणि दोन्हीला वेळ जातो.

"कधी कळलं?" या प्रश्नावर फार लिहीत नाही. कळतं तेव्हापासून कळत होतं. शाळेत 'बायल्या' ऐकत मोठी झाले. आजी म्हणायची, "पोराला देवीनं धरलंय, सौंदत्तीला नेऊन आणा." आमच्या भागात डोक्यावर यल्लम्माचा जग, म्हणजे देवीची मूर्ती ठेवलेली टोपली, घेतलेले जोगते (देवीला सोडलेले पुरुष) दारावर यायचे. माझ्यासारख्या मुलाला कुठे जागा असते, याचं तेवढंच उत्तर आजीने पाहिलेलं होतं. मी तिला दोष देत नाही. जोगत्यांनी आणि हिजडा समाजातल्या गुरूंनी घरातून हाकललेल्या कितीतरी जणींना आसरा दिलाय, हे मी कधी विसरणार नाही. मला मात्र देवाच्या नावाने सोडलं नाही, डॉक्टरकडे नेलं. त्याने "पोराला सरळ करतो" असं सांगून झोपेच्या गोळ्या दिल्या. कॉलेजचं एक वर्ष त्यात गेलं. असे 'उपचार' करणं हे डॉक्टरी पेशातलं गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये सगळ्या राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलं. त्याआधी मद्रास उच्च न्यायालयाने हा विषय लावून धरला होता. आज कुणी डॉक्टर तुमच्या लेकराला 'सरळ' करायला निघाला, तर तिथून उठून या.

15 एप्रिल 2014 ला सुप्रीम कोर्टाचा नाल्सा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यातला निकाल आला, तेव्हा मी शिकत होते. आपलं लिंग काय हे माणसाने स्वतः सांगायचं आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालणं बेकायदा आहे, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. ते मी पेपरात वाचलं आणि कात्रण बरेच दिवस पाकिटात ठेवलं. पण पाऊल उचलायला पुढची काही वर्षं गेली. पगार सुरू झाला, पुण्यात स्वतःची खोली झाली, मग 2018 च्या हिवाळ्यात मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले.

तिथे काय होतं, याची मुलींना फार भीती असते. त्या मॅडमनी मला वेडी ठरवायचा प्रयत्न केला नाही. कधीपासून असं वाटतं, घरात कोण जवळचं आहे, झोप लागते का, जीव द्यावासा वाटतो का, पुढे मूल हवंय का, कोणते बदल परत फिरत नाहीत हे ठाऊक आहे का, असं सगळं सावकाश विचारलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या आजारांच्या यादीत ही अवस्था आता मानसिक आजारांच्या प्रकरणात नाही, लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात आहे. तरी हार्मोन्स आणि शस्त्रक्रियेसाठी तज्ज्ञांचं पत्र लागतं. मूल हवं असेल तर गोळ्या सुरू करण्याआधी वीर्य गोठवून ठेवता येतं. हे आधी विचारून घ्या, कारण नंतर हा रस्ता बंद होऊ शकतो.

मग एंडोक्रायनोलॉजिस्ट, म्हणजे हार्मोन्सचे डॉक्टर. एक इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांचं हार्मोन, आणि एक टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन दाबणारं औषध, असं साधारण असतं. डोस मी लिहिणार नाही. कुणी मैत्रीण "ही गोळ्यांची पट्टी घे, मला लागू पडली" म्हणाली तरी घेऊ नका. इस्ट्रोजेनने रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो, सिगारेट ओढणाऱ्यांना तर जास्तच. टेस्टोस्टेरॉन दाबणाऱ्या औषधांपैकी स्पायरोनोलॅक्टोनने रक्तातलं पोटॅशियम चढू शकतं, सायप्रोटेरोनने प्रोलॅक्टिन हे दुधाचं हार्मोन वाढू शकतं आणि लिव्हरवर लक्ष ठेवावं लागतं. मी लॅबमध्ये रोज नळ्या हाताळते म्हणून पोटतिडकीने सांगते, की तपासण्या चुकवू नका. सुरुवातीला दर तीन महिन्यांनी होतात, पुढे अंतर वाढतं.

माझं रक्त लॅबमधल्या एक ताई काढायच्या. नळीच्या स्टिकरवर जुनं नाव आणि पुढे 'पुरुष'. मशीन नोंदलेल्या लिंगाप्रमाणे नॉर्मल रेंज लावतं, त्यामुळे टेस्टोस्टेरॉन प्रत्येक वेळी ठळक अक्षरांत 'कमी' छापून यायचं. उपचारात ते दर डेसिलिटरला 50 नॅनोग्रॅमच्या खाली यावं असं डॉक्टरांचं लक्ष्य होतं, म्हणजे तो 'कमी' शब्द आमच्यासाठी यश होता. हिमोग्लोबिनही बायकांच्या रेंजमध्ये उतरलं आणि रिपोर्टवर ॲनिमियासारखं दिसू लागलं. तुमचा रिपोर्ट पाहणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला तुम्ही हार्मोन्स घेता हे सांगा. नाहीतर नको त्या आजाराची औषधं सुरू होतात.

बदल हळू येतात. आधी चेहऱ्याचा तेलकटपणा गेला. मग छातीत दुखरी गाठ जाणवली. ती वयात येणाऱ्या मुलीला येते तशीच असते, घाबरू नका. छातीची वाढ पूर्ण व्हायला दोन-तीन वर्षं लागतात. दाढी गोळ्यांनी जात नाही, लेझर किंवा इलेक्ट्रोलिसिस (विजेने केसाचं मूळ जाळणं) करावं लागतं, आणि लेझर काळ्याच केसांवर चालतं. उंची, खांदे, हाताचा पंजा आहे तसाच राहतो. आवाजही बदलत नाही. एकदा फुटलेला आवाज इस्ट्रोजेनने बारीक होत नाही.

आवाजासाठी मी स्पीच थेरपिस्टकडे गेले. नुसता सूर वर नेला की नाटकी वाटतं. आवाज छातीतून काढून तोंडात पुढे आणायचा असतो. ओठ मिटून गुणगुणायचं, मग 'मामी', 'मीना', 'माया', मग छोटी वाक्यं. मी सरावाला लॅबमधलंच वाक्य घेतलं, "तुमचा रिपोर्ट तयार आहे, सहानंतर घेऊन जा." दिवसातून कितीतरी वेळा फोनवर ते बोलावंच लागतं, त्यामुळे सराव आपोआप झाला. पलीकडून 'सर'ऐवजी 'मॅडम' ऐकू यायला बरेच महिने लागले.

आता ऑपरेशन. सगळ्या ट्रान्स बायका ते करत नाहीत आणि न करणारी कमी बाई नसते. मला शरीर तसं नकोसं होतं म्हणून मी केलं. पैसे पगारातून साठवले आणि उरलेले पतसंस्थेतून कर्जाने घेतले. 2022 मध्ये केंद्राने आयुष्मान भारत टीजी प्लस हे ट्रान्स व्यक्तींसाठीचं आरोग्य संरक्षण जाहीर केलं, त्यात वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचा खर्च बसतो. आपल्या हॉस्पिटलात ते चालतं का, हे आधी लेखी विचारा. शस्त्रक्रियेआधी त्या भागातले केस कायमचे काढावे लागतात, नाहीतर ते आत उगवतात. शिश्नाच्या त्वचेतून योनीमार्ग बनवतात आणि नसा जपून क्लिटोरिस बनवतात. नंतर आत पॅकिंग (कापडाची भरण) आणि लघवीसाठी कॅथेटर (नळी) असतं, त्या दिवसांत हलणंही नको वाटतं. पाळी येत नाही, गर्भ राहत नाही. प्रोस्टेट ही पुरुषांच्या शरीरातली ग्रंथी आतच राहते, म्हणून पुढे वय झाल्यावर डॉक्टरांना ते सांगावं लागतं.

त्यानंतरचं मुख्य काम डायलेटरचं, म्हणजे आत घालून मार्ग रुंद ठेवायच्या कांडीचं. नवा मार्ग आकसू नये म्हणून सुरुवातीला दिवसातून तीनदा, पुढे कमी, पण कायम. याबद्दल आधी कुणी नीट बोलत नाही. ऑपरेशन एका दिवसाचं असतं, हे मात्र रोजचं. नोकरीवरून किमान दोन महिने सुट्टी मिळत नसेल, तर तारीख पुढे ढकला.

माझी आई गावाहून आली ती मी उठून बसेपर्यंत राहिली. बाळंतिणीचं करतात तसं तिने माझं केलं, कानाला रुमाल बांधण्यासकट. डायलेटर पाहून म्हणाली, "हे काय गं?" मी सगळं सांगितलं. ती गप्प ऐकत राहिली. दुसऱ्या दिवसापासून माझी वेळ झाली की बाहेरच्या खोलीत मोबाईलवर हरिपाठ मोठ्याने लावायची, म्हणजे आतलं काही बाहेर येऊ नये आणि मी निवांत राहावं.

कागदांचं काम मला ऑपरेशनपेक्षा जड गेलं. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांचा कायदा 2019 चा, लागू झाला जानेवारी 2020 पासून, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात राष्ट्रीय पोर्टल सुरू झालं. मी 2021 मध्ये अर्ज केला. तेव्हाच्या नियमांप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडून 'ट्रान्सजेंडर' असं ओळख प्रमाणपत्र मिळायला प्रतिज्ञापत्र पुरत होतं, वैद्यकीय तपासणी नव्हती. 'स्त्री' असा उल्लेख हवा असेल तर शस्त्रक्रियेनंतर कलम 7 खाली हॉस्पिटलच्या वैद्यकीय अधीक्षकांचा दाखला जोडून पुन्हा अर्ज करायचा. 2014 च्या निकालाने जी अट बेकायदा म्हटली, तीच कायद्याने मागल्या दाराने आणली, असं माझं ठाम मत आहे. ज्यांना ऑपरेशन परवडत नाही किंवा झेपत नाही, त्यांच्यावर हा अन्याय आहे. अर्ज करण्याआधी त्या वेळचे नियम वाचून घ्या.

नावबदलासाठी शासन राजपत्र. ते हातात आलं की आधार, पॅन, बँक अशा क्रमाने जा. आधार झालं की बाकीचे सोपे जातात. सगळ्यात रखडलं ते शिक्षणाचं. एका संस्थेतल्या बाबूंनी "मुळात मुलाचं नाव होतं, आता रेकॉर्ड कसं बदलू?" असं म्हणून मला महिनोन्‌महिने फिरवलं. रांगेतल्या लोकांसमोर मोठ्याने विचारायचे, "नक्की काय झालंय तुमचं?" मी कलम 6 आणि 7 ची छापील प्रत नेली. सगळ्या सरकारी कागदांवर प्रमाणपत्राप्रमाणे लिंग नोंदवायचं आणि पहिलं नाव बदलण्याचा हक्क आहे, हे त्यात लिहिलेलं आहे. लेखी अर्ज दिला, पोच घेतली, तोंडी बोलणं बंद केलं. मग काम हललं. प्रत्येक अर्जाची पोच घ्याच.

वडिलांशी, म्हणजे आण्णांशी, या सगळ्या काळात बोलणं नव्हतं. ऑपरेशनच्या वेळी ते आले नाहीत. नंतर आईने एकदा फोन करून राजपत्राची झेरॉक्स मागितली, कशाला ते सांगितलं नाही. आण्णा ती घेऊन स्वतः तहसील कचेरीत गेले होते. शिधापत्रिकेवर माझं नवं नाव आणि पुढे 'मुलगी' करून आणलं. तिथे त्यांना कुणी काय विचारलं असेल आणि त्यांनी काय उत्तर दिलं असेल, ते मला आजही माहीत नाही. मी विचारलंही नाही. त्या दिवाळीला मी घरी गेले.

आता जगणं कसं आहे? लॅबमध्ये जाते, सॅम्पल घेते, लोकलमधून नाही पण पीएमपीच्या बसमधून लोंबकळत येते. घरमालक लग्नाचं विचारतात, तेही इतर बायकांना विचारतात तसंच. लग्न करता येतं का, तर येतं. ऑक्टोबर 2023 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय, की ट्रान्स स्त्री पुरुषाशी सध्याच्याच कायद्यांखाली लग्न करू शकते. माझं अजून ठरलेलं नाही. पश्चात्ताप? नाही, कधीच झाला नाही. मधून मधून राग येतो, तो वाया गेलेल्या वर्षांचा. गोळ्या मात्र जन्मभर आहेत. अंडाशयही नाही आणि वृषणही नाही, म्हणजे हार्मोन बंद केलं तर हाडं ठिसूळ होतात. म्हणून मी कॅल्शियम-डी सांभाळते आणि हाडांची घनता तपासून घेते.

आईवडील विचारतात, "आम्ही आत्ता काय करू?" मूल अठराच्या आत असेल तर ऑपरेशनचा प्रश्नच नाही, ती धास्ती आधी मनातून काढा. मोबाईल काढून घेऊ नका, केस जबरदस्तीने कापू नका, स्थळं बघू नका. कुठल्या नावाने हाक मारलेली आवडेल ते विचारा आणि घरात तरी त्याच नावाने हाक मारा. चांगल्या मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या. पहिल्या वेळी सोबत जा, पण आत लेकराला एकटं बोलू द्या, तुम्ही बाहेर बसा. डॉक्टर 'सरळ करतो' म्हणाले तर काय करायचं, ते वर सांगितलंच आहे.