मिशी का ठेवत नाही?

दुकानात टॉवेल-चादरी बघायला आलेलं गिऱ्हाईक भाव करून झाला की माझ्या वरच्या ओठाकडे बघतं. पूर्वी लोक "काय झालं होतं?" असं विचारायचे. आता पंचेचाळिशी गाठली, त्यामुळे थेट सल्लाच येतो: "मिशी का ठेवत नाही? झाकून जाईल की." बिल करता करता मी हसून सोडून देतो. पण तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगतो.

पहिलं कारण साधं आहे. टाक्यांच्या व्रणावर केस उगवत नाहीत. मिशी वाढवली की डाव्या नाकपुडीखाली पायवाट पडल्यासारखी फट राहते, आणि एरवी ज्याचं लक्ष जात नाही तोही बघत बसतो. मुली बघायला जायच्या दिवसांत काकांच्या आग्रहाखातर दोन महिने ठेवली होती. फोटो आहे, दाखवणार नाही.

दुसरं कारण लांबलचक आहे.

मी जून १९८० मध्ये जन्मलो, तो दुभंगलेला ओठ घेऊनच. त्या वर्षी १६ फेब्रुवारीला सूर्यग्रहण झालं होतं, कर्नाटकात खग्रास आणि आपल्याकडे खंडग्रास. आजीला एवढं पुरलं. सुनेनं ग्रहणात विळीला हात लावला, असा निकाल तिनं देऊन टाकला. आई आजही सांगते की त्या दुपारी ती खिडक्या लावून नुसती पडून होती, काडीसुद्धा मोडली नव्हती. कुणी ऐकलं नाही. पुष्कळ वर्षांनी मी वाचलं की पोटातल्या बाळाचा वरचा ओठ पहिल्या दोन महिन्यांतच जुळतो. ग्रहण लागलं तेव्हा आईला पाचवा महिना होता. म्हणजे तिनं पोतंभर भाजी चिरली असती तरी माझ्या ओठाचं जे व्हायचं ते आधीच होऊन गेलेलं होतं. हे मला कळलं तेव्हा आजी नव्हती.

ऑपरेशनसाठी डॉक्टरांचा हिशेब दहाचा असतो: वय १० आठवडे, वजन १० पौंड, हिमोग्लोबिन १०. तो भरला आणि तिसऱ्या महिन्यात मला टाके पडले. टाळू शाबूत होती म्हणून बोलणं वाचलं.

पाचवीत नवी शाळा. पहिल्याच दिवशी शेजारच्या पोरानं विचारलं, "ओठाला काय झालं बे?" जन्मापासूनचं आहे म्हटलं की पुढचा प्रश्न आईवर जातो, हे मला तोवर पाठ झालं होतं. मी म्हणालो, "बॉल लागला. लेदरचा." वर्गात एकदम वजन आलं. किती टाके, रक्त किती, रडलास का? मी सगळ्याची उत्तरं दिली. रडलो नाही म्हणालो.

आठवीत पीटीच्या सरांनी कुठल्याशा शिबिराहून बेसबॉल आणला. दोन स्लगर, म्हणजे बेसबॉलच्या बॅटी, काही ग्लोव्ह आणि बॅटरच्या मागे बसून बॉल धरणाऱ्या कॅचरची एक जाळी. जाळी बघताच मी हात वर केला. होम प्लेटमागे उकिडवं बसायचं, तोंडावर लोखंडी जाळी, समोरच्याला फक्त डोळे दिसणार. इतका सुखात मी कुठेच बसलो नाही. (मास्कची दोन वर्षं आली तेव्हा लोक वैतागले होते, मला मात्र ओळखीचं वाटलं.) एकदा बॉल घरी नेला. वडील मागावर कामाला. त्यांनी तो दिव्याखाली फिरवून लाल दोऱ्याची शिवण मोजायला घेतली. "१०८ टाके. जपमाळेएवढे," म्हणाले, "आणि शिवण हाताची हं."

बॅटिंगला मात्र जाळी नसायची. बॉल आत आला की मी मागे सरकायचो. पोरं सांभाळून घ्यायची: "त्याला लागलंय ना एकदा."

नववीत पार्क मैदानावर दुसऱ्या शाळेशी सामना होता. शेवटची इनिंग, ६-६, दोन आउट, तिन्ही बेसवर आमची पोरं आणि बॅटिंगला मी. बॉल थेट तोंडावर आला. मी मागे कोसळलो, तोंडात माती. बॉल त्यांच्या कॅचरच्या ग्लोव्हमध्ये जाऊन बसला होता, पण अंपायर धावत आले, माझी हनुवटी वर केली, ओठ बघितला आणि हात वर करून मला फर्स्ट बेस दिला. बॅटरला बॉल लागला तर बेस मिळतो, आणि बेस भरलेले असले तर तिसऱ्यावरचा होम प्लेटला येतो आणि रन मिळतो. आम्ही जिंकलो होतो. पोरं नाचायला लागली.

मी गप्प बसून फर्स्ट बेसला निघालोही होतो, खोटं कशाला सांगू. पण अंपायरसरांनी रुमाल काढून माझ्या ओठावर दाबला आणि आमच्या सरांना म्हणाले, "फाटलाय. टाके घालावे लागतील."

"घातलेत सर," मी म्हणालो. "तीन महिन्यांचा होतो तेव्हा. जन्मापासूनचा आहे. आता बॉल लागलाच नाही."

मैदान एकदम शांत. अंपायरांनी रुमालाकडे बघितलं. त्यावर नुसती माती होती. त्यांनी निर्णय फिरवला, ते पिच नुसतं 'बॉल' म्हणून मोजलं आणि मला परत उभं केलं. पुढच्या पिचवर मी डोळे मिटून स्लगर फिरवला आणि स्ट्राइकआउट झालो. बरोबरी राहिली म्हणून जादा इनिंग झाली, तीत हरलो. एकदम १०-६.

परतताना कुणी बोलेना. सायकलवर डबलसीट मागे आमचा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फिल्डर, बसला होता, पाचवीत पहिल्या दिवशी विचारणारा तोच. सात रस्ता चौकापर्यंत तो गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे तुला बॉल कधीच लागला नाही?"

"नाही."

"मग बॅटिंगला मागं का सरकतोस बे?"

"भीती वाटते."

"हात्तिच्या," तो म्हणाला. "मला पण."