साटोऱ्या सापडल्या!

नौपाड्यातल्या काकूंच्या फराळाच्या साइटबद्दल मागे लिहिलं तेव्हा फॉन्ट हलका करणं, म्हणजे फाइलमध्ये लागतील तेवढीच अक्षरं ठेवून त्याचा ‘सबसेट’ काढणं, एवढंच बाकी होतं. एका संध्याकाळचं काम, त्यात पाच रात्री गेल्या. काल सुटलं, म्हणून आजच लिहितेय.

दुखणं असं होतं. दरपत्रकात ‘साटोऱ्या’ व्यवस्थित दिसत होत्या. खालच्याच ओळीतल्या ‘तिखटमिठाच्या पुऱ्या’मधलं ‘ऱ्या’ मात्र बारीक, फोनच्या स्वतःच्या फॉन्टातलं. फॉन्ट तोच, ठळकपणा तोच, सीएसएस (पानाचं रूप ठरवणारा कोड) तेच. कॅशे (ब्राउझरने साठवलेल्या जुन्या फाइली) पुसली, सबसेट नव्याने काढला, दुसरा फॉन्ट लावून पाहिला, तरी ढिम्म. काकूंचा फोन आला, “अगं, पुऱ्यांचं शेवटचं अक्षर वाळल्यासारखं का दिसतंय?” गिऱ्हाईक आधी दरपत्रक बघतं, मग पुड्याची किंमत करतं. तिथेच अक्षरं विजोड दिसली तर बाकीचं डिझाइन कितीही नीटनेटकं असून उपयोग नाही.

धागा सापडला तो भलतीकडेच. शोधाच्या चौकटीत मी ‘साटोऱ्या’ टाइप केलं तर निकाल शून्य. पानावरचाच शब्द कॉपी करून चिकटवला तर लगेच सापडला! दोन्ही शब्द डोळ्यांना एकसारखे. मग ब्राउझरच्या कन्सोलमध्ये दोन्हींचे कोड पॉइंट, म्हणजे एकेका चिन्हाचे युनिकोड क्रमांक, छापले. एकात आठ, दुसऱ्यात नऊ.

काकूंचं जुनं दरपत्रक छापखान्यातल्या डीटीपीच्या फाइलवरून युनिकोडमध्ये आणलेलं. त्यात ‘ऱ्या’ म्हणजे साधा र, हलन्त (पाय मोडायची खूण), मग न दिसणारा जोडक झेडडब्ल्यूजे (झीरो विड्थ जॉइनर, २००डी), मग या. पुऱ्या मी नंतर इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर टाइप केल्या, शिफ्ट आणि जे दाबून, म्हणजे नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) ऱ (०९३१), हलन्त, या. युनिकोडला दोन्ही चालतात. सबसेट मात्र मी जुन्या दरपत्रकात असलेल्या अक्षरांपुरताच काढला होता. त्यात ऱ नव्हताच, म्हणून ब्राउझर ते जोडाक्षर फोनच्या फॉन्टातून आणत होता.

आधी वाटलं, झेडडब्ल्यूजे काढून टाकला की झालं. काढला, तर रफार वर चढला आणि ‘साटोर्या’ झाल्या. आचार्यांना आणि आचाऱ्यांना यांत जो फरक तोच इथे, त्यामुळे तो जोडक फेकता येत नाही. मग एनएफसी नॉर्मलायझेशन लावलं, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी युनिकोड रूपं एकसारखी करायची ठरलेली पद्धत. त्यानेही काही होत नाही, कारण र आणि सुटा नुक्ता यांचा तो ऱ करतो, पण झेडडब्ल्यूजेच्या जोडणीला हात लावत नाही. शेवटी स्वतःचाच एका ओळीचा नियम लिहिला: र, हलन्त, झेडडब्ल्यूजे असा क्रम दिसला की तिथे ऱ आणि हलन्त. माहिती साठवताना एकदा आणि शोधाच्या चौकटीत एकदा. दोन्ही बाजूंना लावणं महत्त्वाचं, एकीकडे लावून भागत नाही.

सबसेटचा बेतही बदलला. पानावरची अक्षरं मोजून सबसेट काढणं मराठीत करूच नये असं माझं आता ठाम मत आहे. उद्या काकूंनी ‘ऑरेंज बर्फी’ म्हटलं की ऑसाठी पुन्हा तेच रडगाणं. आता ०९०० ते ०९७एफ हा देवनागरीचा अख्खा पट्टा, शिवाय २००सी (झेडडब्ल्यूजेच्या उलट, अक्षरं जोडू न देणारा), २००डी आणि रुपयाच्या चिन्हासाठी २०बी९. गूगल फॉन्ट्सच्या देवनागरी तुकड्यात हे तिन्ही आधीपासून धरलेले असतात, ती यादी जरूर बघा. फाइल थोडी वाढते, पण वॉफ२ या दाबलेल्या वेबफॉन्ट फॉरमॅटमुळे झेपते. सबसेट काढायला फॉन्टटूल्स या फॉन्टच्या साधनांमधल्या सबसेटरला तोड नाही. ऑनलाइन फॉन्ट कापून देणाऱ्या एका साइटने माझी जोडाक्षरंच तोडली होती, तिकडे पुन्हा जाणार नाही.

या धावपळीत एक गोड गोष्ट हाती लागली. टेम्प्लेटमध्ये भाषा हिंदी राहून गेली होती. तिथे मराठीचा कोड टाकला आणि ‘लाडू’चा ल, ‘शंकरपाळे’चा श आपल्या वळणाचे झाले! फॉन्टात मराठी रूपं असतील तरच हे होतं, पण असतील तर एका शब्दाचं काम आहे. काकूंना काही न सांगता पान दाखवलं. त्या म्हणाल्या, “हां, आता आपलं वाटतंय.” मी दिवसभर खूश होते.

पानाच्या माथ्यावरची सरकत्या फोटोंची पट्टी काढून टाकतेय. एलसीपी, म्हणजे पानातला सगळ्यात मोठा भाग दिसायला लागणारा वेळ, अडीच सेकंदांच्या आत हवा, आणि ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्याने फोनवर बघितलं तेव्हा पहिलाच फोटो रखडला. त्या जागी ‘आज तयार’ असलेले पदार्थ, दर आणि व्हॉट्सअ‍ॅपचं बटण. पैसे ऑनलाइन घेण्याचं तूर्त राहू दे. काकूंची गिऱ्हाइकं आधी विचारतात, मग सांगतात.

हे लिहिताना सुचलं, शोधणारे निम्मे लोक रोमन लिपीत टाइप करणार. म्हणजे प्रत्येक पदार्थाला दुसऱ्या नावांचा रकाना हवा: साटोरी, साटोऱ्या, सांजोरी, आणि रोमनमधली दोन-तीन स्पेलिंगं. फोटो शनिवारी काढणार होते, ते पुढे ढकलते. शनिवारी काकूंकडे वही घेऊन बसते, कोणत्या पदार्थाला कोण काय म्हणतं ते त्यांनाच विचारायला.